मुंजोबाच्या पारासमोरचे सहा सेकंद

ती घटना आजही आठवते ती सहा सेकंदांच्या एका क्लिपमुळे. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी खुनाच्या जागा पाहिल्या, दरोड्यात फोडलेल्या तिजोऱ्या पाहिल्या, पण डोळे ताणून इतक्या वेळा दुसरे काही पाहिल्याचे आठवत नाही. पहिल्यांदा ती क्लिप पाहिली तेव्हा मला त्यात जे दिसले ते साफ चुकीचे होते, आणि ती चूक माझ्या सहीने कागदावरही गेली. नाव कुणाचेच सांगणार नाही. आमचे पोलीस ठाणे जळगावहून पाचोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आसपास कुठेतरी होते, एवढे पुरे.

त्या वर्षी आमच्या हद्दीत सायकलवाल्यांचे पेव फुटले होते. डाळमिलचे शेठ, डॉक्टर, प्राध्यापक, सगळे सकाळी रंगीत हेल्मेट घालून वीस-तीस किलोमीटर जाऊन येत. त्यांच्याविषयी आमच्या ठाणे अंमलदाराचे मत असे की हे लोक पोट कमी करायला निघतात आणि परतताना कचोरीच्या गाडीवर थांबून ते भरून आणतात. इथपर्यंत सगळे गमतीचे होते. मग त्यांच्या गटाने सायकलींना कॅमेरे लावले. गाडी अंगावर घालणारे, मोबाईल कानाला लावून चालवणारे, चुकीच्या बाजूने येणारे, अशा सगळ्यांच्या क्लिपा दर सोमवारी पेनड्राइव्हमधून ठाण्यात येऊ लागल्या. आम्ही गाडीचा नंबर काढायचो, चलन पाठवायचो आणि पेनड्राइव्ह कपाटात टाकायचो.

या क्लिपा घेऊन येत त्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मॅडम. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने किरकोळ, बोलणे मोजके. त्यांच्या सायकलला दोन कॅमेरे होते, एक हेल्मेटवर आणि एक सीटच्या मागे. प्रत्येक पेनड्राइव्हसोबत त्या एक तक्ता देत. तारीख, वेळ, ठिकाण, गाडीचा नंबर आणि शेवटच्या रकान्यात गाडी सायकलपासून किती सेंटिमीटरवरून गेली याचा अंदाज. आमचे शिपाई त्यांच्या माघारी त्यांना सेंटिमीटर मॅडम म्हणत. मी हसत नसे, पण शिपायांना गप्पही करत नसे.

या क्लिपांमुळे एका पिकअपवाल्याला चलन गेले होते. केळीची रिकामी क्रेट वाहणारा, तिशी ओलांडलेला, जवळच्याच गावचा माणूस. फोनवर बोलत मॅडमच्या अगदी जवळून गेला म्हणून. तो ठाण्यात आला तेव्हा योगायोगाने मॅडमही तिथेच होत्या. पुन्हा तक्रार आली तर लायसन्स निलंबित होईल, असे अंमलदाराने त्याला सांगितले. त्यावर तो मॅडमकडे बघून म्हणाला, "बाई, एक दिवस तुमचा कॅमेरा रस्त्यातच पडेल." अंमलदाराने त्याला दम दिला आणि स्टेशन डायरीत रीतसर नोंद घेतली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, सकाळी सातच्या सुमारास, त्याच पिकअपने त्याच मॅडमना मागून उडवले.

मांडीचे हाड मोडले, खांद्याला मार लागला. गटातले बाकीचे पुढे गेले होते, ते मागे फिरले. पिकअपवाला पळाला नव्हता. गाडी शंभर पावलांवर उभी करून तो डोक्याला हात लावून रस्त्याच्या कडेला बसला होता. मॅडमना जळगावला नेऊन ऑपरेशन झाले, मांडीत रॉड टाकला.

संध्याकाळी डाळमिलचे शेठ दहा-बारा जणांना घेऊन माझ्या केबिनमध्ये आले. सीटमागच्या कॅमेऱ्याची क्लिप त्यांनी माझ्यासमोर लावली. मोकळा, सरळ रस्ता. मागून पिकअप येते. काचेवर आभाळाचा उजेड चमकतो आहे, त्यामुळे आतला माणूस दिसत नाही. गाडी डावीकडे सरकते, सरकत सरकत कॅमेऱ्यावरच येते, आणि चित्र उलटेपालटे होते. सगळे मिळून सहा सेकंद.

"रस्ता पूर्ण रिकामा होता, साहेब," शेठ म्हणाले. "ब्रेक नाही, काही नाही. सरळ अंगावर. आणि धमकी तुमच्याच डायरीत लिहिलेली आहे. आणखी काय पाहिजे?"

आणखी काय पाहिजे, हे मलाही सुचेना. हॉस्पिटलमध्ये नोंदवलेल्या जबाबात मॅडमनीही हेच सांगितले होते की याने मला मारायचाच प्रयत्न केला. वरिष्ठांचे दोन फोन येऊन गेले होते. तेव्हा जुनी कलमे लागू होती. निष्काळजी वाहन चालवण्याच्या कलमांसोबत मी ३०७ लावले, म्हणजे खुनाचा प्रयत्न. कोर्टाने चार दिवसांची पोलीस कोठडी दिली. गुन्हा शाबीत झाला असता तर त्या माणसाची दहा वर्षे तरी आत गेली असती.

खरे सांगायचे तर त्या रात्री मला झोप चांगली लागली. डोक्यात किडा वळवळायला लागला तो दुसऱ्या दिवशी, आरोपीला समोर बसवल्यावर.

"ब्रेक का मारला नाहीस?"

"नही मारा, साहेब."

"मॅडम दिसल्या होत्या ना?"

त्याची नजर फरशीवर.

"त्यांच्यावर राग होता तुझा?"

"हो म्हना."

"म्हना म्हणजे काय? होता की नव्हता?"

"तुम्हले जे लिखनं व्हई ते लिखा. मी सही करस."

आरोपींची मला चांगली ओळख आहे. पकडलेला माणूस नेहमी मोठ्या गुन्ह्याखालून छोट्या गुन्ह्यात घुसायला बघतो. दरोडेखोर म्हणतो मी फक्त बाहेर उभा होतो. खुनातला म्हणतो मी फक्त ढकलले. हा माणूस उलटा होता. चुकून लागली, एवढे म्हणाला असता तर त्याचा वकील पुढचे बघून घेणार होता. तेवढे एक वाक्य सोडून तो बाकी कशावरही सही करायला तयार होता. खुनाच्या प्रयत्नापेक्षा लपवण्यासारखे याच्याजवळ काय असेल, हे मला कळेना, आणि कळल्याशिवाय मला चैनही पडेना.

मी क्लिप पुन्हा लावली. रागावलेला चालक गाडी कशी घालतो हे मी शंभरदा पाहिले आहे. तो झटका देतो, चाक एकदम वळते, आणि शेवटच्या क्षणी भीती वाटून पुन्हा उलट वळते. ही गाडी तशी वळलेलीच नव्हती. उतारावर ठेवलेली हातगाडी आपोआप कडेला जाते, तशी ती सरकली होती. शिवाय आवाज वाढवल्यावर, धडकेच्या जरा आधी, हॉर्नचे दोन बारीक ठोके ऐकू आले. मारायला निघालेला माणूस आधी हॉर्न कशाला वाजवेल? शेठना फोन करून विचारले तर ते म्हणाले, घाबरवायला. मला ते पटले नाही.

घटनास्थळाजवळ चहाची टपरी चालवणाऱ्या एक अक्का आहेत. त्यांचा जबाब पहिल्याच दिवशी घेतलेला होता, तो काढून वाचला. त्यात तेच होते. "दोन डाव हॉर्न वाजना, मंग धाडकन आवाज वना." खाली आमच्या हवालदाराने प्रश्न विचारल्याची नोंद होती, हॉर्न नेहमी वाजतात का? त्यावर अक्कांचे उत्तर, "बठ्ठा वाजाडतस आठे." सगळेच इथे वाजवतात. ते का वाजवतात, हे विचारायचे हवालदाराला सुचले नव्हते. मीही तो जबाब वाचून खाली सही केली होती. तोही इकडचा आणि मीही इकडचाच, त्यात विचारण्यासारखे काय आहे असे दोघांना वाटले असणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा जागेवर निघालो. जीप चालवत होते आमचे जुने चालक हवालदार, त्यांना सगळे ठाणे नाना म्हणे. तीस वर्षे सरकारी गाडी चालवलेला माणूस, एक ओरखडा नाही. घटनास्थळ असे की रस्त्याच्या डाव्या हाताला मोठा पिंपळ आहे, त्याखाली मुंजोबाचा पार. शेंदूर लावलेला दगड, वर पत्र्याचा आडोसा. रस्ता तिथे कडेच्या बाजूला किंचित उतरता आहे.

पिंपळ जवळ आला. नानांनी हॉर्नचे दोन ठोके दिले, स्टीअरिंगवरचे दोन्ही हात सोडले, पाराकडे मान वळवून हात जोडले, ते छातीला लावले आणि पुन्हा स्टीअरिंग धरले. तेवढ्यात जीपचे डावे चाक डांबराखाली उतरून दणका बसला.

"नाना, हे काय केलंत?"

"काय केलं साहेब?"

"आत्ता. हात सोडलेत ना तुम्ही?"

"कुठले हात?" नानांनी माझ्याकडे पाहिले. ते खोटे बोलत नव्हते, त्यांना खरोखरच ठाऊक नव्हते. मग म्हणाले, "मुंजोबा शे ना साहेब." आणि हलक्या आवाजात, "तुम्ही बी जोडले."

खरेच होते. माझे हात अजून छातीपाशी होते. तपासी अधिकारी आणि त्याचा चालक असे दोघे जण, हात जोडून, गुन्ह्याच्या जागेवरून निघून गेलो होतो. माझी आई लहानपणी मला सायकलच्या दांडीवर बसवणाऱ्या काकांना सांगायची, मुंजोबा आला की पोराचे हात जोडून घे. पन्नास वर्षे मी त्या रस्त्याने जातो आहे आणि पन्नास वर्षे माझे हात मला न विचारता जोडले जात आहेत.

जीप बाजूला घेतली आणि आम्ही दोघे अक्कांच्या टपरीवर बसलो. एक तास नुसते रस्त्याकडे बघत. टेम्पो आला, दोन ठोके, हात जोडलेले, चाक कडेला. ट्रॅक्टर आला, तसेच. मोटरसायकलवाला एकच हात सोडून कपाळाला लावत होता. सगळ्यांनी केले असे नाही, पण ज्यांनी केले त्यांची गाडी डावीकडे सरकलीच. डावीकडे म्हणजे जिथून सायकलवाले जातात तिथे.

ठाण्यात परतून मी कपाट उघडले. मॅडमनी गेल्या सहा महिन्यांत दिलेले सगळे पेनड्राइव्ह काढले. त्यांच्या तक्त्यांत ठिकाणाच्या रकान्यावरून बोट फिरवत गेलो. पिंपळाचा पार, पिंपळाचा पार, पिंपळाचा पार. अकरा क्लिपा एकाच जागेच्या होत्या. वेगवेगळ्या गाड्या, वेगवेगळे चालक, सगळ्या तिथेच सरकलेल्या. आम्ही त्यातून नंबर तेवढे काढले होते. क्लिप शेवटपर्यंत पाहिलेली एकही नव्हती. कपाट बंद करताना मला माझीच लाज वाटली, ती अजून गेलेली नाही.

आता पिकअपच्या काचेआड काय होते ते बघायचे होते. आमच्याकडे संगणक सांभाळणारी एक महिला शिपाई होती, हुशार पोरगी. तिने ती क्लिप एकेक चित्र करून पुढे सरकवली. काचेवर आभाळच आभाळ. पण गाडी पिंपळाच्या सावलीत शिरली तेव्हा काचेवरची चमक गेली, आणि मोजून तीन चित्रांत आतला माणूस दिसला. मान डावीकडे. दोन्ही तळवे एकमेकांना लागलेले, हनुवटीखाली.

मी आरोपीला बोलावले, खुर्चीवर बसवले आणि पडदा त्याच्याकडे फिरवला. काहीच विचारले नाही. त्याने तिन्ही चित्रे पाहिली. मग चेहरा ओंजळीत धरून रडू लागला.

"मी तिले देखंच नही, साहेब," तो म्हणाला. "डोया मिटेल व्हतात."

"मग हे पहिल्या दिवशी का सांगितलं नाहीस?"

"आसं लिखू नका, साहेब. रागमा मारं आसं लिखा. देवनं नाव लिखू नका."

हळूहळू सगळे बाहेर आले. लग्नाला नऊ वर्षे झाल्यावर, मुंजोबाला नवस बोलून, त्याच्या घरी महिन्यापूर्वी मुलगी झाली होती. तेव्हापासून पारासमोर तो डोळे मिटून हात जोडायचा, आधी डोळे उघडे ठेवायचा. मुंजोबापुढे हात जोडताना बाई चिरडली, असे कोर्टाच्या कागदावर आले तर देवाला बट्टा लागेल आणि देव दिलेले परत घेईल, अशी त्याची समजूत. गावही त्याला म्हणणार की तू देवाला कोर्टात ओढलेस. त्यापेक्षा दहा वर्षे आत बसलेले बरे, असा हिशेब त्याने कोठडीत बसून मांडला होता.

मी त्याला म्हणालो, "देव आरोपी नाही. आरोपी तू आहेस. हात तुझे होते आणि गाडी तुझी होती." इतक्या वर्षांत आरोपीची समजूत काढताना मला सापडलेले हे सर्वांत साधे वाक्य असावे. ते ऐकून तो शांत झाला आणि त्याने खरा जबाब दिला.

आता ३०७ काढून टाकण्याचा अहवाल कोर्टाला द्यायचा होता. ही बातमी बाहेर जाताच साहेब फितले, अशी कुजबुज सायकलवाल्यांत सुरू झाली. शेठ फोनवर माझ्याशी एकेरीवर येता येता राहिले. म्हणून अहवाल देण्याआधी मी लॅपटॉप घेऊन हॉस्पिटलमध्ये मॅडमकडे गेलो. आधी त्यांना अकरा क्लिपांचे सांगितले. म्हणालो, त्या आमच्या कपाटातच होत्या, आम्ही पाहिल्या नाहीत.

"ठिकाणाचा रकाना मी त्यासाठीच ठेवला होता, साहेब," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरे वाटले असते.

मग ती तीन चित्रे दाखवली. त्यांनी ती पुन्हा लावायला सांगितली, मग आणखी एकदा.

"वेग किती होता?"

"पंचेचाळीसच्या आसपास."

"आणि हात किती वेळ सुटले होते?"

"दोन सेकंद."

"म्हणजे पंचवीस मीटर," त्या म्हणाल्या. मग खिडकीकडे बघत बोलू लागल्या. "पाच दिवस मी इथे पडून विचार करते आहे की एका चलनाखेरीज मी असं काय केलं, की एखाद्याला मला मारून टाकावंसं वाटलं. शाळेतली, शेजारची, कुठकुठली माणसं आठवली. वाटलं, माझं काहीतरी चुकत असेल. आणि त्याने मला पाहिलंसुद्धा नव्हतं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "हे जास्त वाईट आहे, साहेब. राग असता तर निदान त्याच्या लेखी मी तिथे असते तरी."

मग त्यांनी स्वतःहून पुरवणी जबाब दिला. खुनाचा प्रयत्न नाही, पण निष्काळजीपणा पूर्ण आहे, त्याची शिक्षा व्हावी. एक शब्द कमी नाही की जास्त नाही.

पारावर काय करायचे यासाठी गावात बैठक घेतली. पार हलवायचा विषय मी काढलाच नाही, तेवढी अक्कल होती. नुसत्या अकरा क्लिपा भिंतीवर दाखवल्या. लोक आपल्याच गाड्या ओळखून आधी हसले, मग गप्प झाले. एक म्हातारे आबा उठून म्हणाले, "देव काई पयी जास नही. थांबा, उतरा, मंग पाया पडा." देव थोडाच पळून जातो, हे सगळ्यांना पटले. आठवड्याभरात गावकऱ्यांनी पाराजवळ मुरूम टाकून गाड्या उभ्या करायला जागा केली. सगळे थांबतात असे मी म्हणणार नाही. नाना मात्र निवृत्त होईपर्यंत थांबत राहिले, आणि माझा खोळंबा होतो म्हणून मी एकदाही कुरकुर केली नाही.

नोकरीच्या पहिल्या दिवसापासून आम्हाला हेतू शोधायला शिकवतात. या प्रकरणात हेतू हाताशी होता, साक्षीदारासह आणि डायरीतल्या नोंदीसह. तो खोटाही नव्हता, त्या माणसाला मॅडमचा राग होताच. फक्त त्या सकाळी गाडी त्या रागाने चालवलेली नव्हती. तेव्हापासून ज्या कागदावर सगळे नीट जुळते तो कागद मी दोनदा वाचायला लागलो. आणि रस्त्यावर जिवाला मुकणारी बहुतेक माणसे कुणाच्या वैरामुळे मरत नाहीत, तर समोरच्याचे लक्ष नसल्यामुळे मरतात, हे मला निवृत्तीला थोडेच दिवस राहिले असताना उमगले. लक्ष नसलेल्यांत मी होतो, हेही त्याच वेळी कळले.

खटला उभा राहिला त्या दिवशी मी साक्षीला गेलो होतो. आरोपीने गुन्हा कबूल करायचे ठरवले होते. मॅडम कुबडी घेऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या. तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला, मान खाली घातली, हात जोडले आणि सवयीप्रमाणे डोळे मिटले.

"हात खाली घ्या," मॅडम म्हणाल्या. "माझ्याकडे बघा."

त्याने हात खाली घेतले. डोळे उघडून तो त्यांच्याकडे बघू लागला, आधी चेहऱ्याकडे, मग कुबडीकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. त्याने विचारले, "ताई, तुमना पाय आजून दुखस का?"

"हो," मॅडम म्हणाल्या, "दुखतो."

मी बाजूलाच उभा होतो. त्यांचे दोन जबाब मी नोंदवले होते, त्यांत हा प्रश्न कुठेच नव्हता.